बिनदाराच्या घरावर माझी सावली

आमच्या घरी नातेवाईक जमले आणि जेवणं उरकली, की कुणीतरी म्हणतं, "काका, ते तलाठ्याचं सांगा ना." मी तयारच असतो. तलाठ्याचं चित्र, नाताळच्या नाटकाच्या पडद्यावर मी काढलेला आणि म्हशीसारखा झालेला उंट, सगळं हातवारे करून सांगतो. हशा होतो. मग बबन पेंटरचं नाव निघतं आणि मी पाण्याचा तांब्या शोधायला उठतो. माझी बायको एस्तेर ताटं आवरता आवरता म्हणते, "आता पुढचं पण सांगा की." मी आजवर सांगितलेलं नाही.

यंदा या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही जिल्ह्यातल्या चित्रकारांना इतकी वर्षं मार्गदर्शन केलंत, तर तो अनुभव लिहा. 'मार्गदर्शन' हा शब्द एस्तेरला मोठ्याने वाचून दाखवला, तर तिला हसता हसता ठसका लागला. म्हणाली, "लिहा लिहा. लिहिताना तांब्या शोधायला उठता येत नाही."

तर लिहितो.

मी नगरच्या एका शाळेत चित्रकला शिक्षक होतो. त्या काळात, म्हणजे मोठा दुष्काळ पडला त्याच्या आगेमागे, आम्ही चार-पाच जणांनी जिल्ह्यातल्या चित्रकारांसाठी एक मंडळ काढलं होतं. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. त्यांना चित्रातलं काही कळत नव्हतं आणि ते तसं उघड सांगत, म्हणून सगळ्यांना चालत. चिटणीस मी. मंडळाची मालमत्ता म्हणजे शाळेच्या चित्रकलेच्या वर्गातलं एक कपाट आणि त्याची किल्ली. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली, की मी त्या वर्गात बसायचो आणि तालुक्यातालुक्यांतून चित्रकार यायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चित्रकाराला मदत म्हणजे त्याला चित्र शिकवणं. मुळीच नाही. चित्र काढून होतं आणि मग त्याचे खरे हाल सुरू होतात. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला पाठवायचं तर फॉर्म हवा. फॉर्मात चित्राचं नाव हवं, आणि पाथर्डीहून आलेला माणूस विचारतो, "नाव कशाला? दिसतंय की बैल हाय." माध्यम लिहायचं, किंमत लिहायची. किंमत लिहिताना भलेभले पांढरे पडतात, एकाने विचारलं होतं, "लिहिली आणि खरंच कुणी घेतलं तर?" मग चौकट, मागे नावाची चिठ्ठी, देवदारी फळ्यांचं खोकं, खोक्यात काथ्या, वरती 'उलटे करू नये', आणि एसटीचं पार्सल. हे सगळं मी करायचो. खोकं तर इतकं सफाईने ठोकायचो, की मुंबईच्या एका कारकुनाने नगरच्या खोक्यांची तारीफ कळवली होती. चित्रांबद्दल त्याने काही कळवलं नव्हतं.

त्या खोक्यांत दरवर्षी एक चित्र माझंही असायचं. दरवर्षी ते परत यायचं. चिठ्ठीवर एकच छापील ओळ असे आणि ती मला पाठ होती. एसटीच्या हमालाने खोकं दारात टेकवलं, की एस्तेर आतून न बघताच म्हणायची, "आलं का? कपाटामागे जागा केलीय."

माझ्याच हाताने पाठवलेली दुसऱ्यांची चित्रं मात्र अधूनमधून लागत. पहिल्यांदा लागलं ते त्या निवृत्त तलाठ्याचं. गृहस्थ शेतांचीच चित्रं काढायचे आणि प्रत्येक शेतात बारीक अक्षरात त्याचा नंबर घालायचे. मी म्हटलं, "अहो, हे नंबर काढा, चित्र आहे हे." ते म्हणाले, "मग शेत कुणाचं, कसं कळायचं?" मी मनातल्या मनात हसून खोकं ठोकलं. चित्र निवडलं गेलं, विकलंही गेलं. तलाठी पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि घरी येऊन माझ्या पुढच्या निसर्गचित्रात एका शेतावर बारीक अक्षरात नंबर घालून पाहिला. ते चित्रही परत आलं. इथवरची गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो.

हेव्याचं एक बरं असतं. तो लांबच्या माणसाबद्दल वाटत नाही. मुंबईच्या मोठमोठ्या चित्रकारांबद्दल मला कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते समोरच्या बाकावर बसून फॉर्म भरून घेणाऱ्याबद्दल. हेवा करू नये, हे आम्हाला चर्चच्या रविवारच्या शाळेतच घोटून शिकवलेलं. पण तिथली उदाहरणं शेजाऱ्याच्या बैलाची आणि गाढवाची असत. चित्राचं उदाहरण कुणी दिलं नव्हतं, आणि त्या फटीतून मी बरीच वर्षं ये-जा केली.

बबन पहिल्यांदा आला तो शनिवारी शाळेत नव्हे, सुट्टीच्या दिवशी थेट घरी. पारनेरचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाडीमागची अक्षरं, निवडणुकीच्या घोषणा, आणि त्या दिवसांत सरकारने कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण गावोगाव भिंतींवर काढायला घेतले होते, त्यातल्या निम्म्या तालुक्याचे त्रिकोण याचे. एकोणतीस वर्षांचा, माझ्याहून थोडा लहान. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी.

"मास्तर, तुमी चित्रं म्हमईला धाडता म्हनं."

"पाठवतो. लागतीलच असं नाही."

"लागूं द्या न लागूं द्या. धाडून तर बगू."

गोणपाट सोडलं. गोड्या तेलाचे दोन डबे कापून, उघडून, मधे सांधा ठोकून केलेला पत्रा. त्यावर पाट्यांचा उरलेला, डब्यातला चकचकीत ऑइलपेंट. शिंगणापूरला चहाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेला होता, तिथलं एक घर काढलेलं. शिंगणापूरची घरं बिनदाराची, हे सगळ्यांनाच ठाऊक. पांढरी भिंत, त्यात लाकडी चौकट, चौकटीत दार नाही, आणि आत काळोख. काळोखात खूप मागे पितळेच्या घागरीचा एवढासा ठिपका. अंगणात काहीच नाही. आणि सगळ्या चित्रावर ऊन असं की डोळे बारीक व्हावेत.

मी बघत उभा राहिलो. त्याला बसा म्हणायचंही राहून गेलं. तेवढ्यात एस्तेर पाणी घेऊन आली आणि तांब्या हातातच धरून चित्रापुढे थांबली. पंधराएक सेकंद गेले असतील. मग तिने बबनला विचारलं, "आत कुणी आहे का हो, भाऊ?"

"हाय की, वहिनी," बबन म्हणाला. "मागच्या बाजूला गेलीया. यील आता."

एस्तेरने मान डोलावली, जणू तिची खात्रीच होती. आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. माझी एवढी चित्रं तिने पाहिली, पुसली, कपाटामागे ठेवली; आत कुणी आहे का, असं तिने कधी विचारलं नव्हतं.

त्याच सुमाराला मुंबईहून एक पत्रक आलं होतं. चित्रकलेचं शिक्षण न झालेल्या, पण हातात गुण असलेल्या तिशीच्या आतल्या चित्रकाराला एक वर्ष मुंबईत राहण्याची सोय, एका जुन्या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली काम, आणि खर्चाला विद्यावेतन. प्रत्येक जिल्ह्यातून मंडळाने एकच चित्र पाठवायचं. मंडळाची बैठक झाली. माझं नाव निघण्याचा प्रश्न नव्हता. मी शिकलेला आणि तिशी ओलांडलेला. तरी ते पत्रक मी चार वेळा वाचलं होतं, वयाची ओळ चुकीची छापली असेल या आशेने. वकीलसाहेबांनी बबनचं चित्र पाहिलं आणि म्हणाले, "मला कळत नाही, पण हे पाठवा." सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

बबनला सांगितलं, तेव्हा तो बाकावरून उठून उभा राहिला. "सालभर? निस्ती चित्रं काडायची? तिरकोन न्हाई, पाटी न्हाई?"

"काहीच नाही. नुसती चित्रं."

"पुढल्या चैतात मला तीस सरत्यात बगा," तो म्हणाला. "म्हंजी ह्येच एक साल हाय मला."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रकलेच्या मास्तरांची एक सवय असते, तिला आम्ही 'हात मारणं' म्हणतो. मूल चित्र काढत असतं, अडतं, म्हणतं, "सर, जरा हात मारा ना." आपण त्याला बाजूला सरकवून त्याच्या जागेवर बसतो आणि चार फटकारे ओढतो. मूल खूश, आईबाप खूश. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर पन्नास मुलांची चित्रं लागतात आणि नीट पाहिलं तर पन्नासही चित्रांत एकाच मास्तरांची झाडं उभी असतात. यात कुणाला गैर वाटत नाही. उलट जो मास्तर हात मारत नाही, तो आळशी.

बैठकीनंतरच्या रविवारी मी चर्चमधून परस्पर शाळेत गेलो. खोकं ठोकायचं होतं. त्या दिवशी उपदेश कशावर होता, ते आठवत नाही, आणि बरंच आहे. वर्गात मी एकटा. पत्रा टेबलावर टेकवला आणि पुन्हा बघत बसलो. आणि मला चूक सापडली.

चित्रात सावली नव्हती. कुठेच नव्हती. ऊन एवढं, पण चौकटीची सावली नाही, भिंतीची नाही, उजेड कुठून येतो याचा पत्ता नाही. आमच्या परीक्षांत सावलीला वेगळे गुण असतात. घागर सुंदर काढली आणि सावली विसरलात तर गुण गेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! या माणसाला साधी सावली कळत नाही! आणि मग लगेच, अगदी मागोमाग, मी स्वतःला म्हटलं, बिचाऱ्याचं नुकसान व्हायला नको. परीक्षक हसतील. आपण मदतीलाच तर बसलोय.

कपाटातून माझे नळीतले तैलरंग काढले. सूर्य डाव्या हाताला बसवला. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चौकटीची सावली उंबऱ्यावर टाकली, तिथून थोडी आत, थोडी अंगणात. फार नाही, आठ-दहा फटकारे. छान झाली सावली. सावल्या मी चांगल्या काढतो, त्याबद्दल दुमत नाही. दोन दिवस वाळू दिली, खोकं ठोकलं आणि पाठवून दिलं. बबनला विचारायचं मला सुचलंच नाही. मूल जागेवर नव्हतं, एवढंच.

दीड महिन्याने खोकं परत आलं. आत तीच छापील ओळ. मी बबनला पोस्टकार्ड टाकलं, 'या वेळी जमले नाही. खचू नये.' आणि खरं सांगायचं, तर त्या संध्याकाळी मी दोन चपात्या जास्त खाल्ल्या. एस्तेर म्हणाली, "बबनभाऊंचं नाही झालं, आणि तुम्ही शीळ काय घालताय?" मी म्हटलं, शीळ घालायला काय झालं.

पुढच्या महिन्यात शाळेत चित्रकलेच्या परीक्षा होत्या आणि त्यासाठी मुंबईहून एक वयस्कर परीक्षक आले होते. दुपारी चहा पिताना बोलण्याबोलण्यात कळलं, की त्या विद्यावेतनाच्या निवडीला ते बसले होते. म्हणाले, "तुमच्या जिल्ह्याचं ते पत्र्यावरचं घर! शेवटच्या दोनांत होतं हो ते."

मी बशी खाली ठेवली. "मग अडलं कुठे?"

"त्या सावलीवर. सगळं चित्र एका उजेडात आणि उंबऱ्यावर मधेच एक पट्टा. आम्ही बराच वेळ बोललो त्यावर. मला तर वाटलं, एवढं उघडं घर काढलं आणि शेवटी घाबरून कुणीतरी दार लावून घेतलं. चित्रकाराचा स्वतःच्या उजेडावर भरवसा नाही, असं एक जण म्हणाले, आणि दुसरं चित्र निवडलं गेलं." मग चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "तुम्ही सांगा त्याला. तुम्ही मार्गदर्शन करता ना?"

घरी आलो. ताट वाढलेलं होतं. मी एस्तेरला सगळं सांगितलं. रविवारचं, रंगांचं, परीक्षकांचं. माझं बोलणं संपेपर्यंत ती पोळपाटावर हात टेकून उभी होती.

"बबनभाऊंना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग जेवायला काय बसलात?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, पत्रा गोणपाटात गुंडाळला आणि पारनेरची एसटी धरली. तो दुष्काळाचा उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत होती. तासाभराच्या वाटेत मी माफीचं एक वाक्य तयार केलं, दोनदा सुधारलं आणि पारनेरच्या स्टँडवर उतरताना विसरलो.

बबन दवाखान्याच्या भिंतीशी शिडीवर होता. लाल त्रिकोण अर्धा झाला होता. मला पाहून त्याने वरूनच हात जोडले. "मास्तर! तुमी हिकडं कसं?"

खाली उतरला, हात पुसले, पत्रा उघडला. त्याला एक क्षणही लागला नाही. मी आयुष्यात इतक्या जणांची चित्रं तपासली, पण इतक्या झटकन मला कधी काही दिसलेलं नाही.

"ही सावली कुनाची, मास्तर?"

"माझी."

"व्हय?" त्याने उंबऱ्यावरून बोट फिरवलं. "मला वाटलं पारसलात काय डाग लागला."

मग मी सगळं सांगितलं. शेवटच्या दोनांत होतं, तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण एस्तेरने बजावून पाठवलं होतं. बबन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. समोरून एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन गेली, ती त्रिकोणाकडे बघून हसली आणि पुढे गेली.

"मास्तर, मी त्ये भर बाराला काडलंय," तो अखेर म्हणाला. "माज्या पायाखाली बी सावली नव्हती. आन ह्या सालात सावली हाय कुठं? झाडाला पान न्हाई, वर ढग न्हाई. मी हुडकली हुती, आईच्यान. घावली न्हाई, म्हनून काडली न्हाई."

"चुकलं माझं, बबन."

"चुकलं काय म्हंता. तुमी शिकलेली मान्सं. तुमाला वाटलं आसंल, ह्याला येत न्हाई."

"तसं नाही." आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे मी एसटीत तयार केलं नव्हतं. "तुला येतं, म्हणून टाकली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, पाटीचं अक्षर बरोबर आलंय का, हे बघतात तसं. मग उठला, रॉकेलच्या डब्यात चिंधी बुडवली आणि उंबऱ्यावरून एकदा, दोनदा फिरवली. माझी सावली निघून आली. सगळीच्या सगळी. त्याच्या गुळगुळीत ऑइलपेंटवर माझा रंग कधी धरलाच नव्हता. खाली उंबरा जसाच्या तसा, उन्हात.

"बगा," तो म्हणाला. "काय न्हाई झालं."

पण झालं होतं. चैत्र आला, त्याला तीस सरली. मी मुंबईला तीन पत्रं लिहिली, चूक मंडळाची आहे, वयाची अट सैल करा. तिसऱ्या पत्रात तर 'मंडळाची' खोडून 'माझी' असं लिहिलं. उत्तर आलं नाही. बबन त्रिकोण काढत राहिला, मग पाट्या, मग दुसऱ्या कसल्या घोषणा. अधूनमधून पत्र्यावर चित्रं काढून आणायचा आणि मी त्यांची खोकी ठोकायचो. पुढे दोनदा त्याचं चित्र प्रदर्शनात लागलं. ते सालभर मात्र कधीच त्याच्या वाट्याला आलं नाही. 'निस्ती चित्रं काडायची' असं म्हणताना बाकावरून उठून उभा राहिलेला माणूस मला अजून दिसतो. मुंबईत तो वर्षभर राहिला असता तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक. काहीच झालं नसतं, असं स्वतःला पटवायचा प्रयत्न मी बरीच वर्षं केला. त्याने आणखी एखादं तसं चित्र आणून दाखवलं, की तो प्रयत्न फसायचा.

मी हात मारणं त्या दिवसापासून सोडलं. वर्गातली मुलं कुरकुरायची, पालक हेडमास्तरांकडे गेले, प्रदर्शनातली झाडं वाकडीतिकडी झाली. हेवा मात्र सुटला नाही. तो काही ऑइलपेंटवर लावलेला तैलरंग नव्हे.

त्या दिवशी पारनेरहून निघताना बबनने पत्रा पुन्हा गोणपाटात गुंडाळून माझ्या काखेत दिला. मी नको म्हणत होतो. म्हणाला, "ऱ्हाऊं द्या तुमच्याकडं. वहिनीला आवाडलं हुतं."

वहिनीला. मला नव्हे. तेवढं त्याने बरोबर ओळखलं होतं.

चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. माझी कपाटामागे आहेत. नवीन माणूस आला, की बोलता बोलता त्यापुढे थांबतो आणि म्हणतो, "वा! तुमचं का?" मी 'नाही' म्हणतो; या उत्तराची अजून सवय झालेली नाही. खिडकी समोरच्या भिंतीत असल्यामुळे दुपारी उशिरा ऊन सरळ चित्रावर येतं. त्या वेळी मी पुढे जाऊन उभा राहिलो, की माझ्या डोक्याची सावली नेमकी उंबऱ्यावर पडते. मागे एस्तेरच्या भांड्यांचा आवाज थांबतो.

मी बाजूला सरकतो.